चार वाजताची वेळ

नाट्यगृहाच्या किल्ल्या मला मिळाल्या
त्या दिवशी समुद्राला भांग होती.
पाणी धड पुढे नाही, धड मागे नाही.
शिपाई पेडणेकर म्हणाले, एकवीस आहेत मॅडम,
त्यातल्या नऊ कशाच्या, कुणालाच ठाऊक नाही.

अध्यक्षांनी शाल घातली, मग आवाज उतरवून विचारलं,
खैरुनबाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?
मुरूडच्या, म्हटलं.
नाही, म्हणजे, मूळच्या?
खिडकीतून मासळीबाजार दिसत होता,
त्यामागे आमचं घर, त्यामागे सुरूची रांग.
याहून मूळ माझ्यापाशी काही नाही.

याच रंगमंचाचा पडदा माझ्या बापाने
एकतीस वर्षं ओढला.
पत्रिकेत नेपथ्य असायचं, रंगभूषा असायची,
ऋणनिर्देशात सोडावाटरवाल्याचंही नाव असायचं.
पडदा आपोआप उघडायचा.
रात्री तो भाकरी मोडायचा तेव्हा
हाताला काथ्याचा वास.

मीही इथे नाचलेय, अकरा वर्षांची असताना.
'आफ्रिकेचे नृत्य.' डोक्यात कोंबडीची पिसं,
गालांवर चुन्याचे ठिपके.
मला लेझीम येत होतं.
कुणी विचारलं नाही.

पहिल्या महिन्यात व्हाउचरं काढून बसले.
शास्त्रीय गायन: पंधरा हजार, गाडी, समुद्राकडची खोली.
लोककला: पाचशे, आणि एसटीचं भाडं, तिकीट असल्यास.
ते 'असल्यास' मी लाल शाईने खोडलं.
मग बैठकीत म्हटलं, सगळ्यांना सारखंच मानधन.
खजिनदार म्हणाले, आणि दर्जाचं काय?
दर्जा कुठल्या कपाटात आहे, मी विचारलं,
नऊ किल्ल्या उरल्यात, लावून बघू.
पेडणेकर तेवढे हसले, चहाचा ट्रे सावरत.
ठराव एका मताने पास झाला.

घरी सांगितलं. बाप सुपारी कातरत होता.
'कार्यक्रम किती वाजता?'
एवढंच विचारलं त्याने.

मग पिंगुळीहून झिलू ठाकर आले,
तीन एसट्या बदलून, नातीला घेऊन,
चामड्याच्या बाहुल्यांची पेटी मांडीवरून न उतरवता.
मी दारापर्यंत गेले. खुर्ची, पाणी, पाकीट,
पंधरा हजार, त्यांच्यासमोर मोजून.
त्यांनी पाकीट कपाळाला लावलं
आणि नातीकडून भिंतीवरचा कागद वाचून घेतला,
माझ्याच अक्षरातला:
चार वाजता छायाबाहुल्या.
आठ वाजता नाट्यगीतं, अध्यक्षांचा भाचा.

'बाय,' ते म्हणाले, अगदी हळू,
जणू चूक त्यांचीच,
'चार वाजता काळोख खंय असता?
सावलेक काळोख लागता.'

दहा खिडक्या, एकीलाही झडप धड नाही,
पश्चिमेचं ऊन सरळ रंगमंचावर.
मी रक्कम बदलली होती,
घड्याळाला हात लावला नव्हता.
मला तसं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.
अध्यक्षांनी नाही, खजिनदारांनी नाही.
दुपार कुणाची, रात्र कुणाची,
हे मला पाठ होतं, लेझमीच्या पावलांसारखं.

फोन लावला. हे बघा बाई, असं सुरू झालेलं बोलणं
वीस मिनिटं चाललं. त्यात 'तुमच्यासारख्यांना' दोनदा आलं.
भाचा चार वाजता गायला, चौदा जणांपुढे.
खरं सांगायचं तर छान गायला.

बापासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती.
आला नाही. म्हणाला, समोरून कसं बघतात
मला काय माहीत.

आठ वाजता दिवे मीच घालवले.
चुकीचा खटका. पंखेही बंद पडले.
मागून शिट्ट्या, एक पोर रडायला लागलं,
कुणीतरी म्हणालं, बघा, हे असं होतं.
मी तो खटका अंधारात चाचपत राहिले.

तेवढ्यात पडद्यामागे दिवा लागला,
तेलाचा, लहानसा,
आणि एक हरिण
मान वळवून
आमच्याकडे बघू लागलं.